निवृत्तीला तारीख नसलेल्यांसाठी

नोकरदाराच्या निवृत्तीला तारीख असते. त्या दिवशी शाल-श्रीफळ दिले जाते, दोन भाषणे होतात आणि पुढे अनेकांना निवृत्तिवेतनाचा आधार मिळतो. व्यापाऱ्याच्या निवृत्तीला तारीख नसते. मुलगा खरेदीला जाऊ लागतो, बाजारभाव त्याला फोनवर कळू लागतात, बिले संगणकावर निघू लागतात आणि एके दिवशी ध्यानात येते की गादीवर बसलेल्या वडिलांना आता कोणी काही विचारत नाही. ज्यांच्या नुसत्या शब्दावर पेठेत माल उधार मिळत असे, त्यांची दुपार वर्तमानपत्राची घडी उलगडण्यात आणि पुन्हा घालण्यात सरते. घरातील ज्येष्ठ स्त्रीची स्थिती याच्या उलट असते. तिच्या वाट्याला निवृत्तीच येत नाही.

ज्येष्ठांसाठी चालणाऱ्या केंद्रांचा विचार आपल्या समाजाने या दोन्ही बाजूंनी करावयास हवा. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांची परंपरा चांगली रुजलेली आहे. ‘फेस्कॉम’ हा त्यांचा राज्यव्यापी महासंघ आहे. अनेक नगरपालिका व महानगरपालिका विरंगुळा केंद्रे चालवतात. कॅरम, बुद्धिबळ, वाचनालय, महिन्यातून एकदा सामूहिक वाढदिवस, नेत्रतपासणी, व्याख्यान, भजन, वार्षिक सहल आणि १ ऑक्टोबरचा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन हा तेथील परिचित कार्यक्रम. यातील काही उपक्रम वर्षानुवर्षे चालतात, तर काही उद्घाटनाचा हार सुकण्याआधीच बंद पडतात. असे का व्हावे?

टिकते ते कोणते?

हास्य क्लबाचे उदाहरण बोलके आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतील एका उद्यानात अवघ्या पाच जणांना घेऊन हा उपक्रम आरंभला. प्रथम तेथे विनोद सांगून हसत असत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. तेव्हा विनोदाचा आधार सोडून हसण्याचाच व्यायाम करण्याची कल्पना पुढे आली आणि हास्य क्लब देशोदेशी पोहोचला. बाहेरून आणलेली करमणूक संपते. सभासद जे स्वतः करतात ते टिकते. कोणताही कार्यक्रम आखताना हा निकष लावून पाहावा.

व्यायामालाही तो लागू पडतो. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सकाळी फिरणे आपल्याकडे पुष्कळ जण करतात. तोलाचा व्यायाम मात्र क्वचितच कोणी करतो. म्हातारपणी पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे यातून कितीतरी जणांचे स्वावलंबन हरपते. खुर्चीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे किंवा हात न टेकता खुर्चीवरून उठणे यांस खर्च येत नाही. वैद्यांच्या सल्ल्याने एकदा शिकून घेतले की सभासदच एकमेकांकडून ते करवून घेऊ शकतात.

हिशेबाचा तास

व्यापारी घरांतील ज्येष्ठांना सर्वांत उपयोगी पडेल असा कार्यक्रम म्हणजे महिन्यातून एकदा हिशेबाचा तास. आयुष्यभर लाखोंची उलाढाल केलेल्या गृहस्थांच्या स्वतःच्या नावावर पुढे काय राहते, हा प्रश्न घरात विचारणे अवघड वाटते. केंद्रात तो सर्वांसमक्ष, कोणाचेही नाव न घेता मांडता येतो.

काही गोष्टी प्रत्येकास ठाऊक असाव्यात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही त्या पैशाची मालक ठरत नाही. बँकेकडून रक्कम स्वीकारून खऱ्या वारसांपर्यंत पोहोचवणे ही तिची जबाबदारी. बँकेच्या सेवेत असताना या एका गैरसमजातून भावाभावांत उठलेले वाद मी जवळून पाहिले आहेत. नामनिर्देशन केले तरी मृत्युपत्राची गरज उरतेच. निवृत्तिवेतन नसणाऱ्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तीत एका व्यक्तीस ३० लाख रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि दर तिमाहीस व्याज मिळते.

दुकान वा घर मुलांच्या नावे करताना बक्षीसपत्रात आपल्या सांभाळाची अट स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यानुसार, अशी अट पाळली गेली नाही तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेण्यासाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. अट लिहिणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणे नव्हे. सख्ख्या भावाशी व्यवहार करतानाही वहीत नोंद ठेवणे ही आपलीच शिस्त आहे. आर्थिक सायबर फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा साहाय्य क्रमांकही केंद्राच्या फलकावर ठळक लिहावा.

स्त्रियांची वेळ

बहुतेक केंद्रांचे कार्यक्रम सायंकाळी पाचनंतर असतात आणि स्त्रिया येत नाहीत अशी तक्रार केली जाते. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे आटोपायची असतात. हिवाळ्यात तर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे कार्यक्रम सुरू होतो तेव्हा घरची ज्येष्ठ स्त्री स्वयंपाकघरात उभी असते. मग तिने यावे कसे? तीच बैठक दुपारी अडीच ते साडेचार अशी ठेवावी. सहल आखतानाही हेच पथ्य पाळावे. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी पाहावयाची असल्यास पहाटे निघावे, दुपारचे भोजन कंदमूळविरहित असावे आणि संध्याकाळचे जेवण दिवस असतानाच व्हावे. एवढे सांभाळले तर ‘आम्हाला जमत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणी येतील.

धर्म आणि अनुभव

चातुर्मासात व्याख्यानाच्या निमित्ताने ज्येष्ठांचा दिवस भरलेला असतो. साधु-साध्वींचा विहार सुरू झाला की उरलेले आठ महिने पोकळी जाणवते. ती भरून काढण्यास आपल्याजवळ साधन आहे. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक आणि त्यानंतर अर्धा तास स्वाध्याय, असा साप्ताहिक क्रम केंद्रात सहज बसतो. वाचन पाळीपाळीने प्रत्येकाने करावे. केवळ श्रोता होऊन राहू नये. ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांना दुसऱ्याने वाचून दाखवावे. आजारी सभासदाच्या घरी दोघांनी जाऊन बसावे. अभ्यंतर तपांत वैयावृत्त्य आणि स्वाध्याय ही दोन्ही सांगितलेली आहेत, याचे स्मरण येथे ठेवावे.

यासोबत आठवड्यातून एक तास तरुण दुकानदारांसाठी राखावा. उधारी कोणास द्यावी, अडकलेली रक्कम संबंध न तोडता कशी वसूल करावी, भागीदारी समजुतीने कशी सोडवावी, हे ज्ञान संगणकात सापडत नाही. ते ज्यांच्याजवळ आहे ते दुपारी रिकामे बसलेले असतात. त्यांना कोणीतरी पुन्हा विचारावयास यावे, यापेक्षा मोठा विरंगुळा कोणता?

यासाठी नवी इमारत नको. अनेक गावांत समाजाचे भवन लग्नसराई वगळता दुपारी बंदच असते. विश्वस्तांनी त्यातील तळमजल्यावरची एक खोली, पाठ असलेल्या वीस खुर्च्या, प्यायला उकळलेले पाणी आणि जवळच स्वच्छतागृह एवढी सोय करून द्यावी. किल्ली मात्र ज्येष्ठांच्याच हाती असावी. खोली कोणी उघडावी, हजेरी कोणी लिहावी, वर्गणीचा हिशेब कोणी ठेवावा, हे त्यांनी आपसांत ठरवावे. आणि घरातील मुलासुनांनी संध्याकाळी एवढेच विचारावे, “आज केंद्रात काय झाले?” उत्तर ऐकावयास पाच मिनिटे थांबावे.