तापल्या पोलादाचें दुखणें

आमच्या माणगांव तालुक्यांतील भिरा येथें १९२७ सालापासून मुळशी तलावाचें पाणी पोलादी नळांतून सह्याद्री उतरून वीज निर्माण करीत आहे, हें वाचकांस ठाऊकच आहे. ते नळ थंड असतात. आणि भार मर्यादेंत असला तर थंड पोलाद तो वर्षानुवर्षें पेलतें. परंतु नागपूरजवळील कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रांत नळांतून सुमारें ५४० अंश सेंटिग्रेड वा त्याहूनही तप्त वाफ प्रचंड दाबाखालीं वाहते. इतक्या उष्णतेंत पोलाद वितळत नाहीं, पण स्थिरही राहत नाहीं. भर उन्हाळ्यांत आडवी रोवलेली मेणबत्ती जशी आपल्याच भारानें हळूहळू वांकते, तद्वत् सततच्या ताणाखालीं तें कणाकणानें लांबत जातें. यास इंग्रजींत ‘क्रीप’, म्हणजे सरपटणें, असें नांव आहे.

हें दुखणें प्रथम कोठें जडतें? अशा कामीं आज वापरण्यांत येणाऱ्या ९ टक्के क्रोमियमच्या पोलादांत तें बहुधा वेल्डिंगच्या सांध्याशेजारीं जडतें. वेल्डिंग करतांना जोडाचा धातु वितळतो व लगतचें पोलाद न वितळतां भाजून निघतें. या भाजलेल्या भागाच्या बाहेरील कडेस उष्णता अर्धवट पोहोंचते. तेथील स्फटिककण बारीक होतात आणि पोलादास बळकटी देणारी अंतर्रचना बिघडते. पुढें सांधा सुमारें ७५० अंशांवर पुन्हां शेकतात. त्यानें ठिसूळपणा जातो, पण गेलेली ती शक्ति परत येत नाहीं.

कांहीं मिलिमीटर रुंदीची ही दुबळी पट्टी दोन कणखर शेजाऱ्यांत सांपडते. ती लांबूं पाहते, शेजारी तिला आंवळून धरतात. त्यामुळें ती चहूंकडून ताणली जाते. मग कणांच्या सीमेवर, बहुधा एखाद्या सूक्ष्म कठीण खड्यापाशीं, मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाएवढी पोकळी उघडते. अशा पोकळ्या वाढून एकमेकींस मिळतात व त्यांची भेग होते. जाड नळांत हें पुष्कळदां पृष्ठभागाखालीं घडतें. बाहेरून नळ धडधाकट दिसतो. पण तो फुटल्यास जवळच्या कामगारांचे प्राण धोक्यांत येतात.

म्हणून यंत्र बंद असतांना तपासनीस ती जागा घांसून आरशासारखी करतात, आम्लानें कणांच्या सीमा उठवितात, पातळ फितीवर त्यांचा ठसा घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पोकळ्या शोधतात. खोल भागासाठीं श्रवणातीत ध्वनिलहरी सोडतात.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें या कामांत पडल्यास त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें: सांधा सुबक दिसतो यावर विसंबूं नये, त्याच्या शेजारची बोटभर जागा आधीं पाहावी.