परमुलखांतील पहिले महिने

मूल प्रथमच घर सोडून शिकावयास निघालें म्हणजे वडील माणसें त्याला सांगतात, "आतां तिकडचेंच होऊन राहा." आयुष्य शाळेंत घालविलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हा उपदेश अर्धाच खरा वाटतो.

नवें ठिकाण माणसाला थकवितें, तें कां? घरीं उठणें, जेवणें, बोलणें हीं कामें संवयीनें, विचार न करितां होतात. परक्या ठिकाणीं त्या प्रत्येकावर लक्ष खर्चावें लागतें. मग अभ्यासासाठीं उरते ती शिणलेली बुद्धि. कोंकणांतून माझ्या वर्गांत आलेल्या एका मुलाला मी दोन महिने मठ्ठ समजत होतों. दिवाळीनंतर तोच सर्वांच्या आधीं उत्तरें देऊं लागला. चूक माझी होती.

डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचें उदाहरण पाहा. ७ एप्रिल १८८३ रोजीं पतीला मागें ठेवून त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या, तों हवा, अन्न, चालीरीति, सारेंच परकें! परंतु त्यांना दोन आधार होते. पहिला, रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंचें घर. पत्रांतून ओळख आधींच झालेली होती. कार्पेंटरबाईंना त्या मावशी मानीत. दुसरा आधार त्यांनीं बरोबरच नेला होता: अंगावरचें लुगडें आणि शाकाहार. एवढें स्थिर राहिल्यामुळें बाकीचें नवें पेलण्यास मन मोकळें राहिलें. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून ११ मार्च १८८६ रोजीं त्या एम्. डी. झाल्या.

ह्या कथेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्यांची प्रकृति नाजूक होती, आणि तिकडची थंडी कडक. स्वदेशीं परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. धैर्याचें कौतुक करितांना उबेची आणि अन्नाची चौकशी विसरूं नये, हा त्यांतला धडा आहे.

म्हणून आपलें मूल परगांवीं गेल्यास पहिल्या महिन्यांत गुण विचारूं नका. झोंप लागते का, पोटभर जेवतोस का, एखादें घर ओळखीचें झालें का, एवढेंच विचारा. आणि घरची एखादी संवय त्यानें तेथें जपली, तर तिला हंसूं नका. त्या एका संवयीच्या आधारानेंच तें नव्या जगांत पाय रोवीत असतें.