नदीसाठी किती मोजाल?

स्वच्छ नदी बाजारात विकत मिळत नाही. म्हणून अर्थतज्ज्ञ लोकांनाच विचारतात : पाणी सुधारणार असेल, तर घरटी किती रक्कम द्याल?

● प्रश्न कसा विचारावा? : अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो व रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी समितीने 1993 मध्ये सुचवले : नुसता आकडा न विचारता ‘इतका कर द्याल का?’ असे विचारून हो-नाही उत्तर घ्या. इतर खर्चांचीही आठवण करून द्या.

● गंगा : अर्थतज्ज्ञ अनिल मार्कंड्य व एम. एन. मूर्ती यांनी गंगा कृती योजनेचा खर्च-लाभ मांडताना नदीकाठी न राहणाऱ्या शहरी कुटुंबांचाही पैसे देण्याचा कल अजमावला.

● लंडन : इथे पैसे प्रत्यक्षच मोजले जातात. थेम्समध्ये मिसळणारे सांडपाणी अडवणारा 25 किलोमीटरचा बोगदा 2025 मध्ये पूर्ण कार्यान्वित झाला. त्याचा भार ग्राहकांच्या बिलातून वसूल होतो : मूळ अंदाज वर्षाला साधारण 20 ते 25 पौंडांचा होता.

● पुणे : मुळा-मुठेचे प्रदूषण रोखण्यासाठी 2016 मध्ये मंजूर झालेल्या सुमारे 990 कोटींच्या प्रकल्पात केंद्राचा वाटा 85 टक्के, महापालिकेचा 15 टक्के, केंद्राच्या वाट्यासाठी जपानचे कर्ज.

पैसे द्यायची तयारी म्हणजे प्रदूषकाला माफी नव्हे. घाण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच मान्य केले आहे.