साकवाचा धडा

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्टीत मृगाचा पाऊस लागला की ओढ्याअलीकडची वाडी आणि पलीकडची शाळा यांच्यात जणू समुद्र पसरतो. महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाकाठी सरासरी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथे उगम पावणारी सावित्री पोलादपुरावरून महाडास येते, काळ व गांधारी या नद्यांचे पाणी पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीस मिळते. अशा मुलखात पायी चालणाऱ्या माणसाने शोधलेला उपाय म्हणजे साकव.

साकवाची रचना अगदी साधी. ओढ्याच्या दोन काठांवर सुपारीचे वा माडाचे सोट टाकायचे, त्यांवर बांबू बांधायचे आणि हातास आधार म्हणून एक आडवी काठी लावायची. तो फार टिकत नसे. मोठ्या पुरात वाहून जाई, नाहीतर कुजून मोडे. म्हणून गावकरी अंगमेहनतीने तो पुनःपुन्हा बांधीत. या नाशिवंतपणातच त्याची सुरक्षितता दडलेली होती. कोणता सोट कुजला, कोणता बंध सैल झाला, हे बांधणाऱ्यास ठाऊक असे. कारण त्याच साकवावरून त्याची मुलेबाळे जात.

पुढे दगडी कमानींचे व काँक्रीटचे पूल आले. साकवही शासकीय योजनांतून पक्के बांधले जाऊ लागले. ही प्रगती स्वागतार्हच होय. मात्र पक्केपणाबरोबर एक घातक समजूतही आली : एकदा बांधले की काम संपले!

या समजुतीची किंमत महाडने मोजली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या व काही खासगी वाहने प्रवाहात गडप झाली. सुमारे चाळीस माणसे गेली. शेजारीच दुसरा, नवा पूल उभा होता. तरीही जुन्यावरून वाहतूक चालूच होती. पूल पडल्याचे ध्यानी येताच जवळच्या गॅरेजमधील एका कामगाराने पुढील वाहने अडविली, म्हणून अनर्थ तेवढ्यावर थांबला. 5 जून 2017 रोजी तेथे नवा पूल वाहतुकीस खुला झाला. एका वर्षाच्या आत पूल उभारण्याचे सामर्थ्य शासनयंत्रणेपाशी आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. उणीव आहे ती उभ्या असलेल्या पुलाकडे पाहण्याच्या सवयीची.

पुलाचा ऱ्हास वरून दिसत नाही. पुराचे पाणी खांबाच्या पायाशी भोवरे करून माती उपसते. दगडांच्या सांध्यांत झाडांची मुळे शिरतात. लोखंड गंजाने आतून पोखरले जाते. म्हणून तपासणी पाण्याखाली उतरून, पायापर्यंत जाऊन करावी लागते आणि तिच्या निष्कर्षाची अंमलबजावणीही व्हावी लागते. 14 मार्च 2019 रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल कोसळला. तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीनिशी वापरण्यायोग्य ठरला होता. 15 जून 2025 रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल पडून चौघांचा बळी गेला. तो धोकादायक असल्याची सूचना आधीच होती, तरी माणसांची ये-जा थांबली नव्हती. एकीकडे तपासणी फसवी ठरली, दुसरीकडे इशारा निष्फळ ठरला.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक पुलावर बांधणीचे वर्ष, भारमर्यादा, शेवटच्या तपासणीची तारीख व जबाबदार कार्यालयाचे नाव लिहिलेला फलक असावा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर होणाऱ्या पाहणीचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा. धोकादायक ठरलेल्या पुलाची वाट त्याच दिवशी बंद व्हावी; परंतु शाळकरी मुलांसाठी पर्यायी वाटही त्याच दिवशी मिळावी, अन्यथा फलक डावलून मुले त्याच पुलावरून जाणार.

साकव बांधणाऱ्या अशिक्षित गावकऱ्यास जे कळत होते, ते अभियंत्यांनी सज्ज असलेल्या राज्यास कळू नये, हे शोभादायक नाही. पूल बांधणाऱ्यांची नावे कोनशिलेवर कोरली जातात. पूल राखणाऱ्यांची नावेही आता लोकांसमोर आली पाहिजेत.