शेवटची सही

पदव्युत्तर शिक्षण पुरे होते त्या दिवशी निवासी डॉक्टरचे ज्ञान वाढत नाही; त्याच्या सहीवरची वरिष्ठांची सही तेवढी जाते. गडचिरोलीसारख्या जंगल-जिल्ह्यात या बदलाची किंमत रुग्ण मोजतो, म्हणून मला तो तपासून पाहावासा वाटतो.

समजा, भामरागडकडचा तरुण तीव्र पोटदुखीने आला. अपेंडिक्स, की सिकलसेलची कळ? पहिल्याला शस्त्रक्रिया हवी. दुसऱ्याला सलाईन, वेदनाशामक औषध आणि सतत लक्ष. तिथे विनाकारण केलेली शस्त्रक्रियाच जिवावर बेतू शकते. पुढे पाठवावे, तर गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब, आणि पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद.

२०२० च्या नियमांनी प्रत्येक निवासी डॉक्टरला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम सक्तीचे केले. पाऊल योग्यच, पण ते तिसऱ्या ते पाचव्या सत्रात पडते, वरिष्ठांच्या छायेत.

निर्णय घेणे शिकवता येते का? ‘सर्च’ संस्थेने याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना नवजातांमधला जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवले. ‘लॅन्सेट’मधल्या १९९९ च्या निबंधानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तिथे लक्षणे नेमकी ठरवलेली होती आणि देखरेख नियमित होती.

तज्ज्ञांनाही हेच लागू पडते. माझ्या मते शेवटच्या सहा महिन्यांत क्रम उलटावा: निवासी डॉक्टरने आधी निर्णय आणि त्याचे कारण लिहावे, वरिष्ठांनी नंतर बोलावे.