चिंबोराझोचा बर्फ आणि तो आणणारे हात

जगातील सर्वांत उंच शिखर कोणते, असे विचारले तर शाळकरी मूलही एव्हरेस्टचे नाव सांगेल. परंतु पृथ्वीच्या मध्यापासून मोजले तर सर्वांत दूरचे टोक दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात आहे. चिंबोराझो हे त्या ज्वालामुखी पर्वताचे नाव. त्याची उंची ६,२६३ मीटर. पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्यामुळे त्याचे शिखर एव्हरेस्टपेक्षाही सुमारे दोन किलोमीटर दूर भरते.

रिओबांबा शहरातून एका दिवसात ही सहल होते. आमची मार्गदर्शक पुरुहा या आदिवासी समाजातील तरुणी होती. चढ लागला तशी शेते संपली व पिवळे गवत सुरू झाले. त्यात उंटाच्या कुळातील सडपातळ विकुन्या चरत होते. येथून नाहीसे झालेले हे प्राणी १९८८ साली पेरू व चिलीतून आणून पुन्हा वसविले गेले.

मोटार सुमारे ४,८५० मीटरवरील कारेल निवाऱ्यापर्यंत जाते. पुढे पायी. हवा इतकी विरळ की दहा पावलांत धाप लागते. हळू चाला, पाणी पीत राहा, डोके दुखल्यास लगेच सांगा, असे तिने बजावले. वर व्हिंपर निवारा आणि त्यापुढे कोंडोर कोचा हे इवलेसे तळे. किचवा भाषेत कोचा म्हणजे तळे. माथ्यावर हिमनदी चकाकत होती. तापमानवाढीने ती वर्षानुवर्षे आक्रसत आहे.

दोन्ही निवाऱ्यांना १८८० साली प्रथम शिखर गाठणाऱ्यांची नावे आहेत : इंग्लंडचा एडवर्ड व्हिंपर आणि इटलीचे कारेल. त्यांचे धाडस मोठेच. परंतु पुरुहा कष्टकरी पिढ्यान् पिढ्या हाच बर्फ कुऱ्हाडीने फोडून, गवतात गुंडाळून, गाढवांवर लादून रिओबांबाच्या बाजारात आणीत. कारखान्याचा स्वस्त बर्फ आला नि हा व्यवसाय बसला. बाल्तासार उश्का यांनी तो पन्नासाहून अधिक वर्षे टिकविला. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

दुपारी आम्ही दक्षिणेकडील कोल्टा सरोवर पाहिले. काठी तोतोरा नावाचे उंच लव्हाळे दाट वाढते. त्याच्या चटया विणतात. तेथे बसून मार्गदर्शक भगिनीने आपल्या आजोबांची हकिगत सांगितली. ते वासिपुंगो पद्धतीत अडकलेले होते. जमिनीच्या लहानशा तुकड्यापायी जमीनदाराकडे जन्मभर राबायचे, अशी ती वेठ. १९६४ च्या जमीन सुधारणा कायद्याने ती बंद झाली. आज त्यांची नात शिकून परदेशी पाहुण्यांना तोच मुलूख ताठ मानेने दाखविते.

शिखरावर पाय ठेवणाऱ्यांची नावे दगडावर कोरली जातात. शिखराचा बर्फ पाठीवर वाहणाऱ्यांची नावे आपणच लक्षात ठेवावी लागतात. घरातील मुलांना नकाशात चिंबोराझो दाखवाल, तेव्हा व्हिंपरबरोबर उश्का हे नावही अवश्य सांगा.