मोटारीच्या फलकावरील कळा : हात, डोळे आणि कसाऱ्याचा घाट

मोटारचालकासमोरील ज्या फलकास सर्वत्र 'डॅशबोर्ड' म्हणतात, त्या नावाचा मोटारीशी मुळात काहीच संबंध नव्हता. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीच्या पुढल्या अंगास जी उभी फळी किंवा चामड्याचा आडोसा लावीत असत, त्याचे हे नाव. घोडा गेला, इंजिन आले, फळी मात्र राहिली. आणि तिच्या रिकाम्या अंगावर वेगदर्शक, इंधनाचा काटा, दिव्यांच्या कळा, पंख्याची खुंटी, रेडिओ आणि अलीकडे एक चकाकणारा पडदा, अशी एकेक वस्तू येऊन बसली. चिखल अडविण्याचे काम संपल्यावर या फळीने जे नवे काम पत्करले ते अधिक नाजूक आहे. चालकाचे डोळे रस्त्यावर असावयास हवेत, आणि त्याच वेळी गाडीतील वीसपंचवीस लहानमोठ्या गोष्टींवर त्याची सत्ताही चालावयास हवी.

ही अडचण किती खरी आहे हे साध्या गणिताने कळते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदास सुमारे २२ मीटर पुढे सरकते. एखादी कळ शोधण्याकरिता चालकाने दोन सेकंद मान खाली घातली, तर तेवढ्यात गाडी ४४ मीटर जाते, आणि ते अंतर ती व्यवहारतः आंधळेपणाने कापते. म्हणून कळेची परीक्षा ती दिसावयास कशी आहे यावरून न करता, ती न पाहता सापडते की नाही यावरून करावी, हे ओघानेच येते. मोटार विकत घेताना मात्र बहुधा याच्या उलट घडते. दुकानात गाडी उभी असते आणि डोळे मोकळे असतात.

नाशिकच्या चालकास ही परीक्षा दर पावसाळ्यात द्यावी लागते. शहरातून मुंबईकडे निघाले, घोटी-इगतपुरी मागे टाकले, की कसाऱ्याचा घाट, म्हणजेच जुन्या कागदपत्रांतील थळघाट, सुरू होतो. इगतपुरीच्या परिसरात नाशिक शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो, आणि आषाढ-श्रावणात घाटावर ढग अक्षरशः रस्त्यावर उतरलेला असतो. अशा वेळी पाहता पाहता समोरची काच धुरकटते. चालक घाईने हातात सापडेल ते फडके काचेवर फिरवितो. क्षणभर दिसू लागते आणि पुन्हा पडदा पडतो.

काच धुरकटते याची कारणे दोन असू शकतात आणि त्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत, ही गोष्ट पुष्कळ अनुभवी चालकांसही ठाऊक नसते. पहिल्या प्रकारात बाहेरच्या पावसाने काच थंड झालेली असते आणि आतील माणसांच्या श्वासातील बाष्प तिच्या आतल्या अंगावर दवासारखे जमते. दुसऱ्या प्रकारात वातानुकूलन इतके थंड ठेवलेले असते की काचच गार पडते आणि बाहेरच्या दमट हवेतील बाष्प तिच्या बाहेरच्या अंगावर बसते. हा भेद ओळखण्याची युक्ती सोपी आहे. वायपर एकदा फिरवावा. काच स्वच्छ झाली तर दव बाहेर आहे, न झाली तर आत. बाहेरच्या दवावर वायपर आणि थोडी कमी थंडी एवढे पुरते. आतल्या दवासाठी मात्र कोरडी हवा हवी, आणि ती वातानुकूलनातूनच मिळते. थंड नळ्यांवरून जाताना हवेतील पाणी तेथेच गळून पडते. उभ्या गाडीखाली थेंब थेंब साचणारे पाणी ते हेच. ही कोरडी हवा किंचित उबदार करून काचेवर सोडली की दव झपाट्याने विरते.

आता यासाठी चालकास काय काय करावे लागते ते पाहावे. हवेचा रोख काचेकडे वळवावयाचा, पंखा वाढवावयाचा, वातानुकूलन चालू ठेवावयाचे, उष्णतेची खुंटी तांबड्या रेषेकडे न्यावयाची, आणि बाहेरची हवा आत घेण्याची कळ उघडावयाची. ही शेवटची कळ सर्वांत दुर्लक्षित. घाटात पुढे मालमोटारींची रांग असते, त्यांचा धूर नको म्हणून चालकाने हवा आतल्या आत फिरत ठेवलेली असते, आणि चारपाच माणसांच्या श्वासाचे बाष्प गाडीतच कोंडले जाते. त्या कळेवर मोटारीची आकृती आणि तिच्या पोटात वळलेला बाण असे चिन्ह असते. काचेच्या कळांवर तीन नागमोडी बाण असतात. पंख्याच्या आकाराची चौकट पुढल्या काचेची, सरळ आयताची मागल्या काचेची. ही चिन्हे आंतरराष्ट्रीय आहेत, परंतु वळणावर समोरून बस येत असताना आयत आणि पंखा यांतील भेद न्याहाळीत बसण्यास सवड कोणास आहे?

तीन मोठ्या गोल खुंट्या असलेल्या जुन्या साध्या गाडीत ही पाचपैकी बरीच कामे डावा हात डोळ्यांच्या मदतीवाचून करतो. पहिली खुंटी उष्णतेची, दुसरी पंख्याची, तिसरी दिशेची, हे बोटांस पाठ असते. प्रत्येक घरात खुंटी बसताना जो हलकासा खटका लागतो तो मोजून हात आपण कोठे आहोत हे जाणतो. मोटार हाकण्याच्या लहान सुखांत या खटक्याची गणना करण्यास हरकत नसावी. त्यात हाताला उत्तर मिळते.

हाताच्या या ज्ञानाचा शास्त्रीय अभ्यास प्रथम मोटारीच्या निमित्ताने झाला नाही, विमानाच्या निमित्ताने झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसू लागली. वैमानिकांस पंखांच्या झडपा मिटावयाच्या असत, आणि ते चुकून चाके मिटीत. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की या दोहोंच्या कळा शेजारी शेजारी असून हुबेहूब सारख्या आहेत. त्याने चाकाच्या कळेस रबराचे छोटे चाक व झडपेच्या कळेस पाचरीसारखा तुकडा जोडण्याची सूचना केली. पुढे १९४७ साली पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० चुकांची छाननी केली, तेव्हा सुमारे निम्म्या चुका एका कळेऐवजी दुसरी वापरल्यामुळे घडल्याचे दिसले. तोपर्यंत ज्यास 'वैमानिकाची चूक' म्हणून संपवीत, ती पुष्कळदा फलक रचणाऱ्याची चूक होती, ही दृष्टी या अभ्यासाने दिली.

चॅपॅनिसच्या वैमानिकाची गत भारतातील साध्या कुटुंबातही पाहावयास मिळते. मारुती-सुझुकीसारख्या जपानी परंपरेच्या गाड्यांत वळणाचा दिवा चक्राच्या उजव्या दांडीवर व वायपर डाव्या दांडीवर असतो. फोक्सवॅगन किंवा स्कोडा यांच्या भारतातील गाड्यांत नेमके उलट. एकीची सवय झालेला चालक दुसरीत बसला की कोरड्या ठणठणीत उन्हात वळणावर वायपर फिरू लागतो. मागची मंडळी हसतात. परंतु मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास सूचना मिळालेली नसते, हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. उजव्या दांडीच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, डावा हात गिअरवर गुंतलेला असतो, तेव्हा वळण्याची खूण उजव्या हाताने देणे स्वाभाविक होय. युरोपातील बहुतेक देशांत चालक डावीकडे बसतो. तेथे डावी दांडी याच न्यायाने योग्य ठरते, आणि ती तशीच उचलून येथे आणली गेली.

नाशिक हे केवळ मोटारी हाकणाऱ्यांचे नव्हे, त्या घडविणाऱ्यांचेही गाव आहे. महिंद्रांची २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ येथीलच. २००७ पासून फ्रेंच रेनो कंपनीच्या भागीदारीत येथे लोगान तयार होऊ लागली. हीच गाडी २००४ साली रुमानियात डाचिया या नावाने अवतरली होती. स्वस्ताई हे तिचे व्रत होते, आणि फलकाचा मुख्य भाग एकाच साच्यातून काढण्यापर्यंत ते पाळले गेले. या काटकसरीच्या विचारसरणीत काचा वरखाली करण्याच्या कळांचा प्रश्न बोधप्रद आहे. कळा दारावर बसवावयाच्या तर चालकाच्या दारावर सर्व काचांच्या आणि शेजारच्या दारावर त्याच्या काचेची, अशी दुहेरी सामग्री लागते. शिवाय चालक डावीकडे बसणाऱ्या देशांसाठी दारांची मांडणी उलटावी लागते. त्याच कळा गाडीच्या मध्यभागी ठेवल्या की एकच जोडी दोघांस पुरते आणि देश बदलला तरी जागा बदलत नाही. नाशिकच्याच कारखान्यात होणाऱ्या २०२० च्या थारमध्ये त्या अशाच मध्यभागी होत्या.

कारखान्याच्या हिशेबात हे बिनचूक आहे. हाताच्या हिशेबात नाही. उजवीकडची काच उजव्या हाताजवळ असते, आणि ती उघडण्याकरिता डाव्या हाताने गिअरच्या मागे चाचपडावे लागते. वाहनतळाची पावती घेताना, किंवा द्राक्षांच्या हंगामात रस्त्याकडेच्या पेटीवाल्यास भाव विचारताना, चुकीची काच खाली जाणे हा या मांडणीचा नित्याचा प्रसाद. २०२५ च्या सुधारित थारमध्ये या कळा दारावर गेल्या, आणि त्या बदलाची मोटारविषयक नियतकालिकांनी इंजिनाच्या बदलासारखी दखल घेतली. ज्यांनी पाच वर्षे मध्यभागी बोटे फिरविली त्यांचा हात आणखी काही महिने तेथेच जाणार, हे निराळे.

याच काळात जगाचा ओघ मात्र कळा नाहीशा करण्याकडे होता. स्पर्शाने चालणारा पडदा अमेरिकेतील ब्यूक रिव्हिएरा गाडीत १९८६ सालीच आला होता, पण त्याचा खरा प्रसार गेल्या दहापंधरा वर्षांतला. कारण पुन्हा कारखान्याचेच. प्रत्येक कळेस साचा, तार व जोडणी लागते. पडद्यावरील चित्रास यांपैकी काही लागत नाही. २०२२ साली स्वीडनमधील 'व्ही बिलेगारे' या मोटारविषयक नियतकालिकाने एक साधी चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना नेहमीची चार कामे उरकावयाची. २००५ सालच्या, पूर्णतः कळांच्या व्होल्व्हो गाडीत ती १० सेकंदांत व ३०६ मीटरमध्ये झाली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या पडदाधारी गाडीस ४४.६ सेकंद व १,३७२ मीटर लागले. पडद्यावर घर कोठे सुरू होते व कोठे संपते हे बोटास कळत नाही, खड्ड्यात गाडी हिंदकळली की बोट शेजारच्या चित्रावर पडते, आणि काम झाले की नाही हे पाहण्यास पुन्हा डोळेच लागतात. युरोपात गाड्यांच्या सुरक्षिततेस तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून वळणाचा दिवा, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि संकटकालीन हाक यांसाठी खऱ्या कळा असण्यास आपल्या गुणांकनात स्थान दिले आहे. काच कोरडी करण्याची व्यवस्था त्या यादीत नाही. यादी करणाऱ्यांनी श्रावणातला कसारा पाहिलेला नसावा.

फलक केवळ ऐकतो असे नाही, तो बोलतोही. १ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या मोटारींस वेगाचा इशारा देणारी घंटा सक्तीची झाली. ताशी ८० किलोमीटर ओलांडताच ती अधूनमधून वाजते, १२० ओलांडल्यावर अखंड. हेतू उत्तम. परंतु जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यावर संपूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारीस १२० ची मुभा आहे. तेथे कायद्याने वागणारा चालकही इगतपुरीहून शिर्डीकडे जाताना वाटभर ही घंटा ऐकत राहतो, आणि जो इशारा सतत होतो त्याकडे मन लक्ष देणे थांबविते. खरोखर १२० ओलांडल्यावर ती आवाज बदलते तेव्हा कान आधीच बहिरे झालेले असतात.

वळणाच्या दिव्याची टिकटिक याच्या अगदी उलट. पूर्वी तो विद्युत्-संयोजकाच्या पत्तीचा खरा आवाज होता; आता पुष्कळ गाड्यांत दिवे इलेक्ट्रॉनिक साधनांनी लुकलुकतात आणि टिकटिक ध्वनिक्षेपकातून मुद्दाम निर्माण केली जाते, कारण ती नसली तर दिवा चालू राहिल्याचे चालकास कळत नाही. बल्बच्या बहुतेक गाड्यांत एखादा दिवा निकामी झाला की ती दुप्पट घाईने वाजू लागते. चालकास खाली उतरून पाहावे लागत नाही, फलकाकडे नजरही टाकावी लागत नाही; कोणत्या बाजूची दांडी ओढली होती ते हातास ठाऊक असते, आणि त्या बाजूचा दिवा गेला हे कानास कळते.